खिशाचा गाऊन

माझ्या नवऱ्याने मी शिवलेला गाऊन अंगात घालून व्हिडिओ काढला, तेव्हा मी अक्कलकोटला एका लग्नात होते. मी घरी असते तर हे झालंच नसतं, असं नंतर मी कितीतरी जणांना सांगितलं. घरात लहान मूल एकटं सोडून गेले आणि त्याने भिंती रंगवून ठेवल्या, अशा सुरात.

मी गाऊन शिवते. जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट आहे आणि मागच्या खोलीत माझी मशिनं आहेत. पूर्वी माझा सगळा माल गावातला एक दुकानदार घ्यायचा. पुढे त्याच्या मुलाने बाहेरून तयार माल आणायला सुरुवात केली आणि माझे गाऊन कपाटात साठायला लागले. मुलगी पुण्यात नोकरीला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, दुकानदार कशाला हवाय तुला? पेज काढ. तूच वीक." तिनेच तिकडून इन्स्टाग्रामचं पेज काढून दिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर गाऊनचे फोटो कसे लावायचे ते शिकवलं. सोलापुरात महिलांसाठी डिजिटल मार्केटिंगचं एक शिबिर होतं, तिथेही मला जायला लावलं.

त्या शिबिरातले सर तरुण होते, कोट घालून आले होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक करून उभं केलं आणि समोर मोबाइल धरून सांगितलं, "कॅमेऱ्यात बघा आणि आपला बिझनेस सांगा." कुणी मसाले सांगितले, कुणी केक सांगितले. माझी पाळी आली आणि त्या परक्या मुलासमोर माझ्या तोंडून गाऊन हा शब्दच निघेना. "मी कपडे शिवते," एवढं बोलून मी खाली बसले. "कोणते कपडे, मॅडम?" त्यांनी विचारलं. "घरातले," मी म्हणाले. बायका हसल्या. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हालाच सांगायची लाज वाटली तर गिऱ्हाईक कसं विचारणार?" बरोबरच होतं त्यांचं. पण आमच्याकडे दूधवाल्याला दार उघडायचं तरी गाऊनवर ओढणी घेतात. ती ओढणी एका शिबिरात कशी काढून ठेवायची?

मग मी आपली कपाटाच्या हँडलला गाऊन अडकवून फोटो काढायची आणि पेजवर टाकायची. मुलगी लाइक करायची, मुलीच्या मैत्रिणी करायच्या, माझी बहीण करायची. विकत कुणी घेत नव्हतं. मुलगी सांगायची, "आई, अंगावर कसा दिसतो ते दाखवावं लागतं. तूच घालून उभी राहा ना." मी म्हणायचे, "मी गाऊन घालून लोकांसमोर? डोकं फिरलंय का तुझं?"

आमचे हे कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आयुष्यभर गाडीने जाऊन येऊन केलं. निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, तेव्हा माझ्या पेजचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. कमेंट आली की मोठ्याने वाचून दाखवायचे. माझ्या गाऊनला मी उजव्या बाजूला मोठा खिसा शिवते, तेवढी एकच गोष्ट माझी वेगळी. एका बाईने फोटोखाली विचारलं होतं, 'खिसा केवढा आहे?' मी उत्तर लिहिलं, 'मोठा आहे.' ती बाई पुन्हा काही बोलली नाही.

"मोटा म्हंजे केवडा?" हे म्हणाले. "तिला दाखवायला पायजे की. नुसतं मोटा म्हणून काय कळतंय?"

"दाखवू कधीतरी," म्हणून मी तो विषय तिथेच सोडला आणि लग्नाला निघून गेले. एक मुक्काम करून परत येताना एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली होती. खेड्यातली, हसऱ्या चेहऱ्याची. ती मोबाइलवर व्हिडिओ बघत होती, आवाज मोठा ठेवून. मला जरा डुलकी लागली होती. त्या डुलकीतच मला यांचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, स्वप्नच पडतंय. मग डोळे उघडले.

"ह्यो बघा, जुना मोबाइल गेला. ह्यो चष्मा गेला. ह्या किल्ल्या. अजून जागा हाय. आता ह्यो नारळ बघा. गेला का न्हाय? आमच्या बायका घरात मोबाइल कुटं ठेवत्यात म्हायतीय का? ब्लाउजमध्ये. घामानं खराब हुतोय, पडतोय, फुटतोय. खिशात ठेवा की!"

मी मान वळवून पाहिलं. आमचीच गॅलरी, आमचीच वाळत घातलेली चादर. तिच्यापुढे हे उभे. कपाळावर पूजेची विभूती, भरघोस मिशा, अंगात पॅन्ट-शर्ट आणि त्यावर माझा मरून रंगाचा, पांढऱ्या फुलांचा सगळ्यात मोठ्या मापाचा गाऊन. नारळाच्या वजनाने गाऊन एका बाजूला ओढला गेला होता. शेवटी त्यांनी आमचा फोन नंबर मोठ्याने म्हटला आणि खिसा मागून कसा दिसतो ते दाखवायला एक गिरकी घेतली. व्हिडिओ आमच्या पेजवरचा नव्हता. कुठल्या तरी विनोदाच्या पेजने तो उचलला होता आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लावली होती.

"बघा की ताई," शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "कसला येडा मानूस हाय! सकाळधरनं मला चौघींनी पाटवलं."

मी हसले. "कुठला आहे कोण जाणे," असं म्हणाले.

एवढंच बोलले मी. मग खिडकीबाहेर बघत बसले. त्या बाईने तो व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा तो नारळ, पुन्हा ते ब्लाउज. पुढच्या सीटवरचे दोघं मागे वळून बघायला लागले. माझे कान इतके तापले होते की मी पदर डोक्यावरून घेतला. खरं तर मला कुणीच ओळखत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा हे दारातच उभे होते. "अगं, पेज बघितलंस का? फोन थांबंना झालाय!"

"फोन कशासाठी येतायत ते ऐकलंत का?" मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. "हसायला फोन करतायत लोक. पोरं फोन करून विचारत असतील, काका, गाऊन तुमच्या मापाचा आहे का. कुणी सांगितलं होतं हे करायला? आणि ब्लाउजचं काय बोललात तुम्ही? चारचौघांत?"

"खरंच हाय की ते."

"खरं असलं म्हणून बोलायचं?"

रात्री जेवताना दुधनीहून थोरल्या दिरांचा फोन आला. आमच्या सासरी मोठी माणसं चिडली की कन्नडवर जातात. फोन स्पीकरवर होता आणि त्यातून येणारा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "मर्यादी इल्लेनु निनग?" म्हणजे लाज नाही का तुला. मग मराठीत, "कपाळाला विभूती लावून बायकांचे कपडे घालतोस? आडत बाजारात मला दाखवलं लोकांनी!" हे फक्त "व्हय अण्णा, व्हय अण्णा" म्हणत राहिले. साठी ओलांडलेला माणूस, आणि शाळेत छडी खायला हात पुढे करावा तसा तो फोन समोर धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पेजवरचा तो व्हिडिओ काढून टाकला. त्यांना विचारलं नाही. दुसरीकडे फिरत होता तो माझ्या हातात नव्हता. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात भेटल्या की ओठ दाबून बघायच्या. एकीच्या घरी बारसं होतं, तिथे यजमानीणबाई माझ्या ओटीत नारळ घालताना म्हणाल्या, "हा खिशात बसेल का हो?" सगळा हॉल हसला. मीही हसले, कारण न हसता तिथे उभं राहता आलं नसतं. पाळण्यात नाव ठेवायच्या आधीच मी डोकं दुखतंय म्हणून निघून आले.

या सगळ्यात हे काय करत होते, तिकडे माझं लक्षच नव्हतं. मला वाटत होतं की त्यांना कशाचं काही वाटत नाही. एका सकाळी मात्र लक्षात आलं की ते फिरायला जात नाहीत. रोज सकाळी रेल्वेतल्या जुन्या सोबत्यांबरोबर एक चक्कर मारून, चहा पिऊन यायचे. ते बंद झालं होतं. दूध आणायलासुद्धा दुपारी, रस्ता रिकामा असताना जायचे. मी विचारलं, "फिरायला का जात नाही?"

"गुडघा दुखतोय," म्हणाले. नंतर स्वतःहूनच बोलले. "तितं मला आता गाऊनवाला म्हणत्यात."

मला वाटलं होतं राग येईल, पण राग आला नाही. मी म्हणाले, "तुम्हाला कळलं नव्हतं का, लोक हसतील म्हणून?"

"कळत हुतं की. मी काय खुळा हाय व्हय?" ते मशिनच्या टेबलाची ढिली पट्टी घट्ट करत होते, मान वर केली नाही. "तू कॅमेऱ्यापुढं उबी राहीना. पोरगी पुण्याला. कपाटात गाऊन पडलेत. म्हटलं, हसतील दोन दिवस आणि खिसा तर बघतील. पर लई हसले."

मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. पीठ सैल झालं, पुन्हा पीठ घातलं, मग घट्ट झालं. असाच वेळ काढला.

पुढच्या आठवड्यात फोनवर एका बाईचा मेसेज आला. आधी नुसतं 'नमस्कार काका' असं होतं. हे मेसेज उघडतच नव्हते, म्हणून मी पाहिला. मी उत्तर दिलं, 'मी काकू बोलतेय.' मग बराच वेळ काही आलं नाही. शेवटी तिने फोनच केला. आवाज अगदी बारीक, बहुतेक घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"काकू, तुमच्या गाऊनच्या खिशात बाटली बसेल का?"

"कसली बाटली?"

"माझं ऑपरेशन झालंय. छातीचं. आतलं पाणी यायला एक नळी लावलीय आणि तिला बाटली आहे. ती हातात धरूनच फिरावं लागतं. घरात सासरे आहेत, दीर आहेत. त्यांच्यासमोरून हातात ती बाटली घेऊन जायचं म्हणजे… मी खोलीतून बाहेरच येत नाही. काकांच्या व्हिडिओत नारळ बसला ना, म्हणून विचारते."

"बसेल," एवढं मी म्हणाले. मग म्हणाले, "पण बाहेरच्या खिशात दिसेल. मी आतून शिवून देते. नळी आतल्या आत जाईल असं भोक ठेवते. पुढून बटणं लावते, म्हणजे डोक्यातून घालायला नको."

"असं मिळतं?" ती म्हणाली.

"मिळत नाही. मी शिवते."

ती सोलापूरजवळच्याच एका गावातली होती. तपासणीसाठी शहरात यायची होती, तेव्हा माप द्यायला घरी येते म्हणाली. ती आली त्या दिवशी हे सकाळपासून अस्वस्थ होते. बेल वाजल्याबरोबर त्यांनी चपला घातल्या, तिला वाट करून दिली आणि मान खाली घालून जिन्यात जाऊन उभे राहिले. तिचा नवरा खाली रिक्षात बसून होता.

मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि दाराला कडी घातली. तिने ओढणी बाजूला केली. बाटली एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने कमरेशी धरली होती. तरुण होती हो, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. मी टेप हातात घेतली, पण कुठे धरायचं, कुठे लागेल ते कळेना. तिनेच माझा हात धरून सांगितलं, "इथून घ्या काकू. इथे दुखत नाही."

माप झाल्यावर ती दारापाशी थांबली. "काका कुठं गेले? मला काकांना भेटायचंय."

मी हाक मारली. हे आत आले, नजर फरशीवर. ती म्हणाली, "काका, आमच्या वॉर्डात तुमचा व्हिडिओ आला होता. एका बाईच्या मुलीने लावला. आम्ही सगळ्या ऑपरेशनवाल्या. इतक्या हसलो की टाके दुखले. सिस्टर रागावली, मग तीही हसली."

ह्यांनी हात जोडले. "माफी करा ताई. तसल्या ठिकानी असलं काय बघायची वेळ आली तुमच्यावर."

"माफी कशाला? तिथे कुणी हसतच नव्हतं, काका."

मग आत जाऊन त्यांनी तिच्यासाठी पाणी आणलं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. ती ज्याला भेटायला दारापाशी थांबली, त्या माणसाला मी एसटीत कुठला आहे कोण जाणे म्हटलं होतं.

ती गेल्यावर मी ते त्यांना सांगितलं. मशिन चालू होतं. मी पाय थांबवला आणि सगळं सांगून टाकलं, एसटीतली बाई कशी होती, ती काय म्हणाली, मी काय म्हणाले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बरं केलंस. खरं सांगितलं असतंस तर त्या बाईला किती वंगाळ वाटलं असतं." मला वाटलं, ते मला टोमणा मारतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या बाईचीच त्यांना काळजी वाटली होती. त्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाऊन तयार झाला, तिला पोचला. ती खोलीतून बाहेर आली, अंगणात बसली, एवढं तिने कळवलं. मुलीला हे सगळं सांगितलं तशी ती म्हणाली, "आई, हीच स्टोरी टाक ना पेजवर! त्यांचा चेहरा नको दाखवू हवं तर. लोक रडतील, शेअर करतील."

"नाही," मी म्हणाले.

"नाव नाही घ्यायचं, गाव नाही घ्यायचं."

"तिच्या गावात तिला ओळखणारे असतीलच. कुणाच्या तरी मोबाइलवर तिचं दुखणं मोठ्या आवाजात वाजेल आणि ती शेजारी बसलेली असेल. नको."

मुलगी म्हणाली, "मग असा गाऊन मिळतो हे बाकीच्यांना कळणार कसं?"

तेही खरंच होतं. मी यांना म्हणाले, "तुम्हीच पुन्हा बोलाल का? नीट, शर्टावर?" त्यांनी मान हलवली. "मी आता कॅमेऱ्यापुढं येनार न्हाय," म्हणाले. मी आग्रह केला नाही. तो करायला मला तोंड नव्हतं.

म्हणून मी उभी राहिले. साडीवरच, तसाच शिवलेला दुसरा गाऊन हातात धरून. यांनी मोबाइल धरला. पहिल्यांदा मी "नमस्कार" म्हणाले आणि पुढचं सगळं विसरले. दुसऱ्यांदा खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्यांदा माझा आवाज चिरका झाला आणि मला रडू फुटलं, ते कशामुळे हे मलाही सांगता आलं नसतं. शेवटी एकदाचं झालं. ऑपरेशननंतर नळी असेल, पिशवी असेल, तर हा आतला खिसा आहे. आत पाण्याची बाटली ठेवली की अशी बसते. माप फोनवर सांगा. पार्सलवर आतल्या वस्तूचं नाव लिहिणार नाही. तुमचा फोटो कधीच मागणार नाही. एवढंच. शेवटपर्यंत मी कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही, यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघून बोलले. ते व्हिडिओत कळतं.

तो व्हिडिओ काही फार फिरला नाही. कुणी हसण्यासारखं त्यात नव्हतं. पण मेसेज यायला लागले, हळूहळू, आणि सगळे सारखेच सुरू व्हायचे. 'एक विचारायचं होतं.' मग बराच वेळ काही नाही. आता मला ठाऊक झालंय की त्या मधल्या वेळात घाई करायची नसते. शिबिरातल्या सरांनी गिऱ्हाइकाला लगेच उत्तर द्या असं शिकवलं होतं. मी लगेच देते, पण 'सावकाश सांगा' एवढंच लिहून देते. कुणी नळीबद्दल विचारतं, कुणी म्हाताऱ्या आईला हात वर करता येत नाही म्हणून विचारतं. एका बाईने सासूसाठी मागवला आणि नंतर कळवलं की तो खरं तर तिच्या स्वतःसाठीच होता.

यांचा व्हिडिओ अजून मधूनच कुणीतरी नव्याने उचलतं. गाणं लावतं, फिरवतं. आला की मला कळतं, कारण त्या दिवशी फालतू फोन जास्त येतात. अशा वेळी मी त्यांचा मोबाइल माझ्याकडे घेते आणि फोन मी उचलते. ते पुन्हा फिरायला जायला लागलेत, पण वेगळ्या रस्त्याने, एकटेच. तो चहा सुटला तो सुटलाच. ते मी भरून देऊ शकत नाही.

नवा व्हिडिओ आम्ही शक्यतो सकाळी काढतो, उजेड चांगला असतो तेव्हा. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद करावा लागतो, मग घाम येतो आणि माझा चेहरा लाल दिसतो. मुलगी म्हणते, आई, थोडं हस. मला हसता येत नाही. प्रत्येक वेळी तोंड उघडायच्या आधी मला ते शिबिर आठवतं आणि तशीच लाज वाटते. हे मोबाइल धरून थांबतात. घाई करत नाहीत. मी पदर सारखा करते, गाऊन उचलते आणि म्हणते, "चालू करा."